घरी मॉडेल रेल्वे : कुळे–दूधसागर घाट एका खोलीत बसेल का?

फोंडेकर
मंडळी, मॉडेल रेल्वेचा लेआउट करायचाय. घर फोंड्याला, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, खाली फॉल्स सीलिंग. खोली ३.२ बाय २.७ मीटर, दार एका कोपऱ्यात आणि ते आत उघडतं. डोक्यात कुळे ते कॅसलरॉक घाट आहे: कुळ्याचं यार्ड, एखादा बोगदा, दूधसागरचा पूल. स्केल एचओ, म्हणजे खऱ्याच्या १/८७, घ्यायचं जवळपास ठरलंय.

प्रश्न तीन. आठ बाय चारची एक प्लायची शीट टाकून तिच्यावरच सगळं करावं का? घाटाचा खरा चढ, म्हणजे ३७ ला १, ठेवता येईल का? आणि गोव्याच्या पावसाळ्यात या सगळ्याचं काय होतं? बजेटचं नंतर बघू.

सोलकढी_आणि_सोल्डर
आधी घरात विचारून घ्या, चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) कुठे बांधायची. बाकी सगळं जमतं.

सुतारपक्षी
आठ बाय चार नको. शीट १२२० मिमी रुंद. भिंतीला लावली तर हात जास्तीत जास्त ७०-७५ सेंटीमीटर पोचतो, पलीकडे गाडी घसरली की झालं. मधोमध ठेवली तर तुमच्या खोलीत लांबीच्या बाजूला पाऊण मीटर उरतो, तोही दोन्ही टोकांना मिळून. शिवाय त्या रुंदीत एचओची वळणाची त्रिज्या फार तर ५५० मिमी बसते, आणि तेव्हाही रूळ काठापासून पाचच सेंटीमीटर. तिथून इंजिन पडलं तर थेट फरशीवर.

भिंतीच्या कडेने फिरणारी ४५ सेंटीमीटरची फळी करा, स्वतः मध्ये उभे राहा. रूळ भिंतीपासून १०० मिमी ठेवला तर चारही कोपऱ्यांत ७०० मिमी त्रिज्येचं वळण बसतं, आणि वळणाचा मधला बिंदू दोन्ही भिंतींपासून साधारण ३०५ मिमीवर येतो, म्हणजे ४५च्या फळीतच राहतो. कोपरा रुंद करायची गरज नाही. एक पूर्ण फेरी सुमारे ९.८ मीटर. फ्लेक्सी ट्रॅकची, म्हणजे हवा तसा वाकणाऱ्या रुळाची, पट्टी ९१४ मिमीची, तेव्हा फेरीला ११ पट्ट्या, यार्डचं वेगळं.

प्लॅटफॉर्म_दोन
त्रिज्येच्या मुद्द्याला जोड. जुन्या पद्धतीचा आयसीएफ डबा २१.३ मीटर, एचओत २४५ मिमी. नवा एलएचबी २३.५ मीटर, २७० मिमी. साधा नियम: डब्याच्या लांबीच्या अडीचपट त्रिज्या असली की गाडी भरवशाने चालते, तिप्पट असली की बघायलाही बरी. म्हणजे एलएचबीला ६७५ मिमी तरी हवी. ४५० मिमीच्या वळणावर या डब्यांचं पोट बाजूच्या सिग्नलला आणि बोगद्याच्या तोंडाला घासतं. ७०० मिळत असेल तर डोळे मिटून ७०० घ्या.

मीटरगेज१८८८
सगळे ब्रॉडगेजच का धरताय? हा मार्ग १८८८ला मुरगावहून घाटावर पोचला तो मीटरगेज म्हणून, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेचा. ब्रॉडगेज १९९०च्या दशकातलं. मीटरगेज केलंत तर मापही जुळतं: १००० मिमी भागिले ८७ म्हणजे ११.५, आणि स्विस मीटरगेजसाठी १२ मिमीचा एचओएम रूळ तयार मिळतो. उलट ब्रॉडगेज १६७६ मिमी, एचओत १९.३ व्हायला हवं, पण रूळ मिळतो १६.५चा, म्हणजे युरोपातल्या १४३५ मिमी गेजचा. समोरून बघितलं की भारतीय इंजिन अरुंद रुळावर पाय जुळवून उभं असल्यासारखं दिसतं.

घाटबँकर
समोरून बघतं कोण? बाजूने, फुटाच्या अंतरावरून बघतात. १२ मिमीचा रूळ मिळेल, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे फाटे) मात्र मोजकेच आणि महाग, आणि वायडीएम-४ या मीटरगेज डिझेल इंजिनाची बॉडी स्वतःच घडवावी लागेल. पहिल्या लेआउटला १६.५ मिमीच बरा. गेजची काळजी असेल तर रुळाला खडी चढवा, स्लीपरची टोकं थोडी झाका, फरक निम्मा लपतो.

मीटरगेज१८८८
लपवायचंच असेल तर करायचं कशाला. पण ठीक, पहिला लेआउट आहे म्हणून गप्प बसतो. सध्या.

कुळागर
मी फक्त पावसाळ्याचं बोलतो, कारण गोव्यात लेआउट मरतो तो ओलीने.

चिऱ्याची भिंत पाणी ओढते. फळी भिंतीला चिकटवू नका, मागे ३० मिमी मोकळी जागा सोडा म्हणजे हवा फिरते आणि मागची बुरशी दिसते तरी. चिऱ्यात साधा प्लग धरत नाही, दगड भुसभुशीत असतो, वजन पडलं की भोक मोठं होतं. त्यामुळे भिंतीच्या ब्रॅकेटवर विसंबण्यापेक्षा स्वतःच्या पायांवर उभा सांगाडा करा. आणि तो लाकडाचा नको, अॅल्युमिनियमच्या २५ मिमी चौकोनी पाइपचा. खिडक्या करणारा कुठलाही फॅब्रिकेटर मापाने कापून देतो. वाळवी लागत नाही, फुगत नाही. पायाखाली लेव्हलिंग बोल्ट घाला, जुन्या घराची जमीन सरळ नसतेच.

वरची फळी १२ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१० छापलेली. आयएस ३०३ची एमआर प्लाय स्वस्त पडते, पण पहिल्याच पावसात पापडासारखी वर येते. प्लाय कापल्यावर सहाही बाजू प्रायमरने बंद करा. लोक वरून रंगवतात, खालची बाजू कोरी ठेवतात, मग एक बाजू ओल ओढते, दुसरी नाही, आणि फळी वाकते. कापलेल्या कडांना दोन हात जास्त.

रुळाखाली कॉर्क घालायची पद्धत आहे, पण आपल्याकडे त्याला बुरशी धरते. ३ मिमीचं ईव्हीए फोम शीट घ्या, शाळेच्या स्टेशनरीत मिळतं ते. रूळ धरायला लोखंडी खिळे नकोत, गंजतात आणि खडीवर तपकिरी डाग उमटतात. पितळी पिना, नाहीतर सरळ अॅक्रिलिक सीलंटचा पातळ थर.

फोंडेकर
कुळागर, हे सोन्यासारखं आहे. खोलीत एसी नाही. डीह्युमिडिफायर लागेलच का?

कुळागर
खोली बंद ठेवून आर्द्रता ५५-६० टक्क्यांपर्यंत आणता आली तर फार फरक पडतो. जून ते सप्टेंबर यंत्र चालवा, बाकी महिने नको. आधी एक साधा हायग्रोमीटर टांगा आणि बघा. कौलारू घरात वरून हवा येत राहते, फॉल्स सीलिंगच्या फटी बंद केल्याशिवाय यंत्र नुसतं वीज खाईल.

इंजिनं पावसाळ्यात हवाबंद डब्यात, सिलिका जेलबरोबर. रंग बदलणारी जेल घ्या, रंग फिरला की कढईत मंद आचेवर कोरडी करून परत वापरा. मात्र ती कढई पुन्हा स्वयंपाकाला नाही. आणि डांबरगोळ्या डब्यात टाकू नका. कपड्यांच्या कपाटाची सवय असते, पण नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते, आणि बहुतेक बॉड्या त्याच प्लास्टिकच्या. इंजिन जुन्या फोममध्ये गुंडाळूनही ठेवू नका, फोम ओलीने विरघळायला लागला की रंगाला चिकटतो. टिश्यू पेपर बरा.

सोलकढी_आणि_सोल्डर
बोगद्यात पाल अंडी घालते, हे राहिलं. बोगद्याला मागून हात जाईल एवढं दार ठेवा. गाडी घसरते ती नेहमी बोगद्यातच, हा जगन्मान्य नियम आहे.

घाटबँकर
आता चढाकडे येतो. ब्रागांझा घाटात कुळे ते कॅसलरॉक ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. मॉडेलवर सरळ रुळावर हा चढ शक्य आहे. पण वळणावर घर्षणाचा भार वाढतो. त्याचं ठोकताळ्याचं गणित: ३२ भागिले त्रिज्या इंचांत, तेवढे टक्के चढात मिळवायचे. ७०० मिमी म्हणजे २७.६ इंच, म्हणजे १.२ टक्के जास्त. तुमचा ३७ ला १ कोपऱ्यात २६ ला १ सारखा भासेल. ४५० मिमीच्या वळणावर तर साडेचार टक्क्यांच्या घरात.

खरे इंजिनियर काय करतात? वळणावर चढ कमी करतात. तुम्हीही तेच करा. सरळ भागात चढवा, कोपऱ्यात जवळपास सपाट.

सुतारपक्षी
चढवायचंच कशाला पण? एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा असेल तर ७५ मिमी उंची लागते, ३७ ला १ ने त्याला पावणेतीन मीटर जातात, उतरायला तेवढेच, शिवाय प्रत्येक टोकाला चढ हळूहळू सुरू करण्यासाठी फूटभर. ९.८ मीटरच्या फेरीत मग यार्डला सपाट जागा किती उरते ते मोजा. आणि यांच्या आराखड्यात रूळ रुळावरून जातच नाही!

घाट दिसतो तो रूळ चढतो म्हणून नाही, जमीन खाली जाते म्हणून. यार्डच्या बाजूला जमीन रुळाच्या पातळीला ठेवा. समोरच्या भिंतीकडे रूळ त्याच पातळीवर, पण फळी ३५ सेंटीमीटर खाली उतरवा आणि रूळ नुसत्या १०० मिमी पट्टीवर खांबांवर न्या. बघणाऱ्याला वाटतं गाडी डोंगरावर चढली.

घाटबँकर
मान्य, दिसायला तेच. पण मग मागचा बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, शोभेचा. कुळ्याला मागे इंजिन जोडणं हाच या मार्गाचा प्राण आहे. मधला मार्ग सांगतो: सरळ भागात ६० ला १. दर ३०० मिमीला ५ मिमीचा तुकडा खाली सरकवत जायचं, अडीच मीटरमध्ये ४० मिमी उंची मिळते. तेवढ्यात बँकरचं काम दिसतं आणि एकटं इंजिन अडखळतंही.

प्लॅटफॉर्म_दोन
बँकर लावणार असाल तर वजनाकडे बघा, नाहीतर मागून ढकललं की हलकी वाघीण वळणात बाहेर फेकली जाते. अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेचा एचओचा नियम: १ औंस, अधिक दर इंचाला अर्धा औंस. बॉक्सएन वाघीण १०.७ मीटर, म्हणजे १२३ मिमी, वजन यायला हवं ९५ ते १०० ग्रॅम. आयसीएफ डबा १६५ ग्रॅम. टायरवाले चाकाला चिकटवतात ते शिशाचे तुकडे तळाशी, दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या संचांच्या) मध्ये चिकटवा, वर नको.

दोन्ही इंजिनांत डीसीसी (रुळातूनच डिजिटल आज्ञा देऊन प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची पद्धत) डिकोडर असेल तर आधी एकेकट्याने एका मीटरला किती सेकंद घेतात ते मोजा आणि डिकोडरची सेटिंग्ज, म्हणजे सीव्ही २, ५, ६, बदलून वेग जुळवा. बँकर किंचित हळू ठेवा, पुढच्याने ओढलेलं बरं.

सोलकढी_आणि_सोल्डर
आता माझा विषय. वायरिंग.

किनाऱ्याजवळ खारी हवा, रुळाचे जॉइनर (दोन पट्ट्या जोडणारे धातूचे तुकडे) वर्षभरात भरवसा सोडतात. गाडी एका विशिष्ट जागी मंद होते, लोक इंजिन उघडून बसतात, दोष जॉइनरमध्ये असतो. म्हणून प्रत्येक पट्टीला स्वतःची वायर, अपवाद नाही. फळीखालून १.५ चौरस मिमीच्या दोन जाड वायरी, लाल-काळी, पूर्ण फेरीभर. त्यातून दर पट्टीला ०.५ चौरस मिमीचे दोन तुकडे वर.

रुळाला जोडायची रीत: रुळाची बाहेरची बाजू ग्लासफायबरच्या घासायच्या पेनने चकचकीत करा. वायरचं टोक ५ मिमी सोलून एल आकारात वाकवा, आधी त्याला आणि मग रुळाला वेगवेगळं टिन चढवा. दोन्हीकडे दोन-दोन स्लीपर सोडून ओला कापूस किंवा धातूची क्लिप ठेवा. ६० वॉटची सोल्डरिंग गन, रुंद टोक, ६३-३७ रोझिन कोअर तार. टेकवा, दोन सेकंद, उचला. २५ वॉटच्या बारक्या पेनाने करायला गेलात तर रूळ उष्णता ओढत राहतो, तुम्ही दहा सेकंद दाबून धरता आणि तोवर स्लीपर वितळतात. गरम कमी वेळ करायचं असेल तर वॉट जास्त लागतात, हे उलटं वाटतं पण तसंच आहे. पन्हळ-पत्र्याच्या कामाचं अॅसिड फ्लक्स अजिबात नाही.

सगळे जॉइनर मात्र सोल्डर करू नका. निकेल सिल्व्हर १५ अंश तापमान फरकाला १० मीटरमध्ये अडीच मिमी वाढतं. सरळ भागात दर दोन पट्ट्यांनंतर अर्धा मिमी फट सोडा. वळणात उलट, जॉइनर सोल्डर करूनच वाकवा, नाहीतर तिथे कोन पडतो.

शेवटी नाण्याची परीक्षा. डीसीसी चालू करून फेरीच्या सगळ्यात लांबच्या टोकाला रुळांवर नाणं आडवं ठेवा. बूस्टर (रुळाला वीज पुरवणारं यंत्र) ताबडतोब बंद पडायला हवा. नाही पडला तर वायर बारीक आहे किंवा कुठे सैल आहे, आणि खऱ्या शॉर्टच्या वेळी इंजिनाची बोगी वितळेल. आणि मे महिन्यात वळवाच्या गडगडाटात प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

मीटरगेज१८८८
रूळ साफ कशाने?

सोलकढी_आणि_सोल्डर
आयसोप्रोपिल चालतं, पण लवकर काळं परत धरतं. मिनरल टर्पेंटाइन जास्त टिकतं. पॉलिश पेपर नाही: ओरखड्यांत घाण बसते. त्यावर ६बी ग्रॅफाइटची कांडी हलकेच फिरवली तर आठवडेच्या आठवडे बघायला नको.

घाटबँकर
ग्रॅफाइट यार्डमध्ये. घाटात नाही! चाकं घसरतात, चढावर दोन डबे कमी ओढतं इंजिन.

सोलकढी_आणि_सोल्डर
हे खरं. ६० ला १ वर नको, बाकी ठिकाणी फिरवा. प्लास्टिकची चाकं असतील तर आधी ती धातूची करा, अर्धी घाण तीच पसरवतात.

तिसवाडीची
दूधसागरबद्दल कोणीच बोललं नाही. धबधबा ३१० मीटर. एचओत तो ३.५६ मीटर होतो, तुमच्या खोलीपेक्षा उंच. एन स्केलमध्येही (१/१६०) जवळपास दोन मीटर. तेव्हा मापात करायचा हट्ट सोडा. रुळाच्या पुलाखाली ३५ सेंटीमीटर आणि वर ५०, वरचा भाग अरुंद होत जाणारा आणि झाडंही वर बारीक, म्हणजे उंची भासते.

पाणी रेझिनने करू नका, विशेषतः पावसाळ्यात. ओल्या हवेत इपॉक्सीवर पांढरट चिकट थर येतो. पडणारं पाणी पारदर्शक सिलिकॉनचंच छान होतं, आणि त्याला ओल उलट मानवते, हवेतल्या बाष्पानेच ते घट्ट होतं. काचेवर किंवा प्लास्टिक फाइलवर धबधब्याच्या लांबीच्या उभ्या रेघा शेजारी-शेजारी ओढा. लगेच टूथपिक वरून खाली ओढत रेघा एकमेकींत मिसळा, पण पूर्ण सपाट करू नका, धारा दिसायला हव्यात. खालचं टोक विस्कटा. दुसऱ्या दिवशी सोलून काढा, डोंगराला चिकटवा, मग जवळपास कोरड्या ब्रशने पांढरा अॅक्रिलिक फक्त उंचवट्यांवर. सिलिकॉन घेताना न्यूट्रल क्युअर मागा. व्हिनेगरसारखा वास येतो ते अॅसिटिक, त्याची वाफ रुळाला आणि वायरीच्या टोकांना खाते.

डोंगर थर्माकोलचा, फ्रिजच्या पॅकिंगचा चालेल. रबर-बेस अॅडेसिव्ह लावलंत की थर्माकोल तिथेच वितळतो, पांढरा फेविकॉलच. वर टिश्यूचे दोन-तीन थर, मग पीओपी.

आणि माडांबद्दल एक कळकळ. माड सगळे बुटके करतात! १८ मीटरचा माड एचओत २०७ मिमी, म्हणजे डब्याच्या उंचीच्या चौपट. घराच्या कौलांवर चांगला डोलायला हवा. घाटात माड लावूच नका, तिथे गर्द जंगल. माड कुळ्याच्या घरांकडे.

कुळागर
तिसवाडीची, खडी कुठली वापरता? काळा दगड की चिऱ्याचा चुरा?

तिसवाडीची
खडी काळ्या दगडाचीच. क्रशरवरची भुकटी आणा, आधी चहाच्या गाळणीने धूळ काढा, मग १ मिमीच्या जाळीतून जाते ती घ्या. धुऊन वाळवा. मग त्यात चुंबक फिरवा. समुद्राची वाळू तर नकोच, मीठ असतं आणि काळे कणही. चिकटणारा एकही कण राहिला तर तो मोटरच्या चुंबकाकडे जातो आणि गिअरमध्ये अडकतो. हेच खनिजाच्या गाड्यांना: वाघिणीत खरं लोहखनिज भरायचा मोह होतो, त्याऐवजी वाळलेल्या चहाच्या चोथ्यावर गेरू. चिऱ्याचा चुरा रस्त्याला आणि यार्डच्या कडेच्या मातीला अप्रतिम, रंग द्यायलाच लागत नाही.

खडी चिकटवताना आधी आयसोप्रोपिलचा फवारा, मग फेविकॉल एक भाग, पाणी तीन भाग, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. ड्रॉपरने. पावसाळ्यात हे चार-चार दिवस वाळत नाही आणि बुरशी धरते, तेव्हा नोव्हेंबर ते मे. मरीन फेविकॉल लावलात तर ओलीने परत सुटत नाही, पण मग रूळ कधी उचलायचा झाला तर पाणी टाकून मऊही होत नाही. सांध्यांपाशी साधा, बाकी मरीन.

फोंडेकर
देव बरें करूं, सगळ्यांना. आराखडा बदलला: भिंतीकडेने ४५ सेंटीमीटर, ७०० त्रिज्या, ३.२ मीटरच्या बाजूला कुळे यार्ड, समोर दरी आणि पूल, मध्ये ६० ला १. यार्डची लूप (गाडी बाजूला उभी करायची लाइन) किती लांब मिळेल? आणि दार आत उघडतं त्याचं काय?

प्लॅटफॉर्म_दोन
सरळ भाग १.६ मीटर. दोन्ही टोकांना मध्यम सांधा, प्रत्येकी २१९ मिमी. उरतात सुमारे १.१ मीटर. त्यात एक डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन पुढे, एक मागे, १९७ मिमी प्रत्येकी, आणि मध्ये पाच बॉक्सएन. एवढीच गाडी ठेवा. जास्त हवी असेल तर टोकांना वळणाचे सांधे घालून लूप कोपऱ्यात शिरवा, पण त्यांची त्रिज्या आधी तपासा.

सुतारपक्षी
दाराच्या बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडतं करा, सुताराचं दोन तासांचं काम. दारासमोरच्या भागाला ७५ सेंटीमीटरचा उचलून काढायचा पूल. त्याच्या दोन्ही टोकांना पितळी डोवेल (खुंट्या), म्हणजे रूळ दर वेळी त्याच जागी बसतात. पुलावरचा रूळ टोकाला स्क्रूवर सोल्डर करा, स्लीपरवर भरवसा नको. आणि पुलाची वायर एका प्लगमधून अशी फिरवा की पूल काढला की त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या ५०-५० सेंटीमीटर रुळाचीही वीज जाईल. डीसीसीत एका रुळाला इन्सुलेटेड जॉइनर पुरतो.

सोलकढी_आणि_सोल्डर
५० नको, ८० ठेवा. फ्लायव्हीलवालं इंजिन वीज गेल्यावरही घरंगळतं, आणि यांच्याकडे मागून बँकर ढकलणार आहे.